अण्णा, हॉलमध्ये वाळवलेलं बी उगवलं

२० जून २०२१

ती. अण्णांना,
शि. सा. नमस्कार.

काल संध्याकाळी बाबा माळाच्या तुकड्यातून आले ते चिखलाच्या पायांनीच ओसरीवर बसले आणि म्हणाले, "अण्णाला सांग, उगवलं." आईनं हातातलं काम टाकलं. आजीनं देवघराकडं बघून हात जोडले. मी लगेच तुम्हाला फोन लावला, तो लागला नाही. रात्री वाटलं, बरं झालं. फोनवर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून दोन मिनिटांत विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गेल्या ऑक्टोबरात तुमच्या मंगल कार्यालयात तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते तुम्ही स्वतः कुणाला सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

आज सकाळी मी स्वतः जाऊन बघून आले. १३ तारखेला ते सोयाबीनचं बी पेरलं होतं. मीटरभर तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, अठरा-एकोणीस रोपं मोजली. कुठं खाडा नाही. वाकलेल्या मानेनं माती उचलून ती दोन जाड दलं वर आली आहेत, अजून पुरती हिरवीसुद्धा नाहीत. गेल्या वर्षी याच दिवसांत याच शेतात मी बाबांच्या मागं माती उकरत फिरत होते आणि हाताला लागत होते ते सडके, बुळबुळीत दाणे.

तिथूनच सांगते, कारण ऑक्टोबरातल्या त्या आठवड्याची सुरुवात जूनमध्येच झाली होती.

२०२० च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. बाबांनी दुकानातून सोयाबीनच्या पिशव्या आणल्या, चार एकर पेरलं. दहापैकी तीन दाणेही वर आले नाहीत. असं आमच्याच शिवारात झालं नव्हतं. राज्यभरातून हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, हे तुम्हालाही आठवत असेल. आमच्याकडंही माणसं आली, पंचनामा झाला, कागदावर सह्या झाल्या. पण कागदानं शेत उगवत नाही. मावशीच्या घरचं जेएस ३३५ वाणाचं बी होतं, ते उसनं आणून बाबांनी २ जुलैला दुबार पेरलं. ते बी दिसायला साधं, बारीक, पण ते उगवलं.

ज्यांचं पहिल्याच पेरणीत साधलं, त्यांची सोयाबीन सप्टेंबरअखेर घरात आली. आमची शंभर दिवसांची शेंग भरली ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन आठवडे मागं पडलो, आणि त्या तीन आठवड्यांनी आम्हाला थेट त्या पावसाच्या तोंडी नेऊन ठेवलं.

रविवारी, ११ ऑक्टोबरला, कापणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, घेतलेली टोळी आली. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार झालंय, हे मोबाईलवर सगळ्यांनी वाचलं होतं. टोळीतल्या बायका अंधार पडेपर्यंत वाकल्या होत्या. सोमवारपर्यंत मधला दीड एकर आणि ओढ्याकाठचा दीड एकर कापून झाला. मधल्याची बनीम, म्हणजे गंजी, लावली, वर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले. ओढ्याकाठचं कापून जागेवरच पसरलेलं राहिलं. माळाचा एकर उभाच होता. मंगळवारी भुरभुर चालू असतानाच हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, मिळाला, आणि मिळाला म्हणून बनीम काढून घेतली. अठरा कट्टे भरले. दाणा ओला होता, हे पोत्यात भरतानाच हाताला कळत होतं. पण ओला का होईना, घरात आला, असं त्या रात्री आम्ही एकमेकांना सांगितलं.

त्याच मंगळवारी सकाळी ते वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं होतं. रात्री टीव्हीवर हैदराबादच्या रस्त्यांतून वाहणाऱ्या गाड्या दाखवत होते. बुधवारी ते आमच्यावर आलं.

बुधवारच्या रात्रीबद्दल मला फार लिहिता येत नाही. पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा दर अर्ध्या तासानं बॅटरी घेऊन दारात जात आणि परत येत. पहाटे ओढ्याचा आवाज बदलला, तेव्हा आजी म्हणाली, "गेलं." उजाडल्यावर बघितलं तर ओढ्याकाठच्या दीड एकरात सोयाबीन तर नव्हतीच, वरची वीतभर मातीही नव्हती. खाली मुरूम दिसत होता. काही पेंढ्या बाभळीच्या फांद्यांत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर अडकल्या होत्या.

पण मला लिहायचंय ते गुरुवारबद्दल.

गुरुवारी सकाळी आईनं सहज एका कट्ट्यात हात घातला आणि झटक्यानं काढला. आत ऊब होती. तापल्या अंगासारखी. आंबूस वास सुटला होता. तीन खोल्यांच्या घरात अठरा कट्टे एकावर एक लावलेले, बाहेर पाऊस, वीज नाही, ऊन नाही. दोन कट्टे खोलीत ओतून पसरले तर पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबा तालुक्याला एका व्यापाऱ्याकडं मूठभर नमुना घेऊन गेले. त्यानं मशीन लावून २२ टक्के ओल दाखवली आणि क्विंटलला २,१०० रुपये भाव सांगितला. त्या हंगामाचा हमीभाव ३,८८० होता, पण त्याला ओल १२ टक्क्यांच्या आत लागते. बाबा नमुना खिशात तसाच घेऊन परत आले. सांगताना त्यांनी तो भाव दोनदा सांगितला, जणू पहिल्यांदा त्यांनाच खरा वाटला नव्हता.

तेव्हा मला तुमच्या मांडवाच्या कापडाची आठवण झाली. ताईच्या लग्नात पाऊस येईल म्हणून तुम्ही अंगणावर मोठी ताडपत्री ताणली होती. ती चार दिवस मागावी, गोठ्यापुढं शेड करावी, एवढंच डोक्यात घेऊन मी स्कूटीवर निघाले. पुलावरून पाणी उतरलं होतं, पण कठडा गेला होता. कार्यालयाशी आले तेव्हा तुम्ही एकटेच पायऱ्यांवर बसून झाडून काढलेल्या पाण्याकडं बघत होतात.

मी ताडपत्री मागितली. तुम्ही विचारलं, कशाला. मी सांगितलं. तुम्ही काही न बोलता उठलात, आत गेलात, हॉलचं शटर वर केलंत आणि म्हणालात, "कापड कशाला मागतीस पोरी? एवढी फरशी हाय की रिकामी. तुळशीच्या लग्नापतोर हितं कोण येतंय?"

अण्णा, हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना सांगितलं असेल. अधिक महिना संपत आलेला, पुढं नवरात्र, दसरा, दिवाळी. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपल्याकडं लग्नं नाहीत. म्हणजे दरवर्षी परतीच्या पावसात आमची रास भिजते, नेमक्या त्याच दिवसांत गावोगावची मंगल कार्यालयं पक्क्या छताखाली, फरशी आणि पंख्यांसकट कुलूपबंद असतात. हे आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तुमच्या एका क्षणात आलं.

तुम्ही तुमचा छोटा हत्ती टेम्पो पाठवलात. दुपारी चारपर्यंत अठरा कट्टे हॉलमध्ये होते. मांडवातल्या परातींनी आम्ही दाणा पसरला, जेमतेम दोन बोटं जाड. स्टेजच्या मागं मार्चमधल्या शेवटच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून तशीच होती, 'शुभविवाह'. आजीनं चपला पायरीखाली काढल्या. ती म्हणाली, इथं माझ्या नातीच्या अक्षता पडल्यात.

वीज नव्हती. तुम्ही जनरेटर लावलात. मी नको म्हटलं, डिझेलचा भाव मला माहीत होता. तुम्ही ऐकलं नाही. बारा पंखे वर फिरायला लागले आणि थोड्या वेळानं हॉलभर तो आंबूस वास पसरला. मग हळूहळू तो वास जाऊन कोरड्या सोयाबीनचा वास यायला लागला. हा बदल व्हायला पूर्ण एक रात्र लागली. मी ती रात्र तिथंच होते. शुक्रवारी संध्याकाळी वीज आली तोवर तुम्ही जनरेटरमध्ये तीन वेळा डिझेल ओतलं होतं.

दाणा हलवायची पद्धत आजीनं शिकवली. फावडं नाही, दाताळं नाही. अनवाणी पाय फरशीला घासत चालायचं, म्हणजे मागं वळी पडते, खालचा दाणा वर येतो. दर तासाला एकदा उभं, एकदा आडवं. सोयाबीनचं साल फार पातळ असतं, लोखंड लागलं की तडा जातो आणि तडा गेलेला दाणा तेलाला चालतो, बियाण्याला नाही. तुमच्या वॉचमनच्या लेकरांना ते खेळासारखं वाटलं. दोघं दिवसभर वळ्या पाडत होती. त्यांच्या आईनं पंगतीच्या पातेल्यात चहा केला, आणि आम्ही पाच-सहा माणसं एवढ्या मोठ्या पातेल्याभोवती बसलो.

शुक्रवारी पाऊस उघडला तसं आम्ही माळाचा एकर कापायला गेलो. तिथली जमीन हलकी, मुरमाड, पाणी थांबत नाही, म्हणून तो तगला होता. तरी खालच्या शेंगांत दाणे फुगले होते, काहींतून मोड बाहेर आले होते. वापसा नसल्यानं, म्हणजे जमीन अजून ओलीच असल्यानं, ट्रॅक्टर आत जाईना. भारे डोक्यावर घेऊन आम्ही ते रस्त्यापर्यंत आणले. भावकीतली दोन माणसं न बोलावता आली, त्यांचंही ऋण आहे. रस्त्यावर तुमची गाडी उभीच होती.

तिथं बाबांनी तुम्हाला एक गोष्ट विचारली. मी जवळ होते म्हणून मला माहीत आहे. ते म्हणाले, हॉलमधलं विकून टाकू, पण हे माळाचं बियाण्याला धरायचंय, पुन्हा दुकानाच्या दारात उभं राहायचं नाही. पण हे हडंब्यात घालता येणार नाही, ओलं आहे, फुटेल. शेंगांसकट वाळवून काठीनं बडवावं लागेल, आठ दिवस तरी लागतील. बाबा हे खाली बघून बोलत होते. आधीच इतकं घेतलंय, आता आणखी आठ दिवस कसे मागायचे.

तुम्ही खिशातून दुसरी किल्ली काढून त्यांच्या हातात दिलीत. "पंगतीचं शेड तुमचं. रोज मला विचारायचं न्हाई."

शनिवारी घटस्थापना होती. तुळजापूरचं मंदिर त्या वर्षी कोरोनामुळं भाविकांना बंद. आजीची कितीतरी वर्षांची वारी चुकली. दरवर्षी ती घटाखाली घालायला ओढ्याकाठची काळी माती आणते, ती वाहून गेली होती. तिनं माळाची तांबूस माती चाळून परडीत भरली, गहू पेरले. आणि घट बसवून दुपारी काठी घेऊन तुमच्या शेडमध्ये हजर झाली. वहिनींनी आमच्या उपासवाल्यांसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी पाठवली होती. वहिनींना हेही सांगा, की आजी अजून त्या आमटीची आठवण काढते.

तोपर्यंत आणखी तिघांचे कट्टे हॉलमध्ये आले होते. तुम्ही रांगोळीचा डबा आणून फरशीवर चौकोन आखून दिलेत, हे यांचं, हे यांचं. चारही घरांचा माल आठ दिवस शेजारी शेजारी पडला होता, कुणाचा मूठभर दाणा इकडचा तिकडं झाला नाही.

त्याच दिवसांत मी पीकविम्याची सूचना तुमच्या गच्चीवरून पाठवली. ७२ तासांत कळवायचं होतं आणि आमच्या वस्तीवर रेंज नव्हती. ते पैसे अजून आलेले नाहीत. सरकारनं २३ ऑक्टोबरला हेक्टरी दहा हजारांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरपर्यंत. तिचा आधार झालाच. पण वाहून गेलेली माती परत यायला काय लागतं ते शेतकऱ्याला माहीत आहे.

आता हिशेब सांगते, कारण तुम्ही तो कधी विचारला नाहीत. अठरा कट्ट्यांतलं चार-पाच दिवसांत सुकलं. डागी, मोड आलेलं वेचून बाजूला काढलं. चांगलं निघालं ते ११ टक्के ओलीनं लागलं आणि दिवाळीआधी ३,९०० नं विकलं गेलं. त्यातून हडंब्याचे, टोळीचे पैसे गेले, मावशीचं बी फेडलं, माझी फी भरली. माळाच्या एकरातून पाच क्विंटल निघालं. त्यातलं हातानं निवडलेलं तीन क्विंटल बियाणं आम्ही तागाच्या पोत्यांत भरून, खाली फळ्या टाकून, चारपेक्षा जास्त थर न लावता ठेवलं. बाबा ते पोतं उचलताना बाळाला उचलतात तसं उचलायचे. आदळलं तरी उगवण कमी होते, म्हणून.

मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघितले. ८१ उगवले. सत्तर पुरतात. त्याच वेळी बाजारात सोयाबीन सात हजारांवर गेली होती आणि बियाण्यासाठी माणसं दुकानादुकानांतून फिरत होती. आम्ही चार एकरांचं स्वतःचं पेरलं, मावशीला दिलं आणि त्या हॉलमधल्या तिघांपैकी एकाच्या घरचं संपलं होतं, त्यालाही दिलं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, नंतर वॉचमनच्या बायकोकडून कळली. मार्चपासून तुमच्या कार्यालयात एकही मोठं लग्न झालं नव्हतं. कोरोनाच्या नियमातल्या पन्नास माणसांच्या लग्नाला हॉल कोण घेणार? ज्यांनी आधी इसार दिले होते, ते तुम्ही वहीत बघून एकेकाला परत केलेत. कर्जाचे हप्ते चालूच होते. मी ताडपत्री मागायला आले त्या सकाळी तुम्ही त्या पायऱ्यांवर कसल्या विचारात बसला होतात, हे मला आता समजतं. अशा वेळी माणूस दुसऱ्याचं दुःख ऐकून 'माझंही बघ की' म्हणतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. तुम्ही शटर वर केलंत आणि उसनं डिझेल आणून ओतलंत. बाबांनी भाड्याचं विचारलं तेव्हा म्हणालात, "फरशी पुसून द्या म्हंजे झालं."

फरशी आम्ही पुसली. आई आणि मी, तीनदा. तरीही कोपऱ्यात, स्टेजच्या पायरीखाली एखादा दाणा राहिला असेल.

यंदाही एप्रिलपासून तुमचं दार बंद आहे. पंचवीस माणसं आणि दोन तास, असल्या लग्नांनी कार्यालय चालत नाही. आमच्याकडं तुम्हाला द्यायला हॉल नाही. पण बाबांनी माळाची सहा तासं तुमच्या नावानं धरली आहेत. त्यांचं वेगळं काढायचं, वेगळं बडवायचं, आणि ते बी तुमच्या धाकट्या भावाच्या शेतात पुढच्या जूनला पेरायचं, असं त्यांचं ठरलंय. नको म्हणू नका. त्यांनी खुणेला काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्याही बांधल्या आहेत.

आणि दुसरी किल्ली अजून आमच्याच खुंटीला आहे. दिवाळीत परत द्यायला आले होते तर तुम्ही म्हणालात, राहू दे, पुढच्या पावसाळ्यात लागंल. आजी रोज देवांना हळदीकुंकू वाहते तेव्हा त्या किल्लीलाही बोट लावते. मी तिला काही म्हणत नाही.

कोळपणी पुढच्या आठवड्यात सुरू होईल. त्याआधी वहिनींना घेऊन या, तासं आत्ता छान दिसतात. पुलाकडून येऊ नका, कठडा अजून बांधलेला नाही. वाडीच्या रस्त्यानं या, लिंबाच्या झाडापाशी गाडी लावा, मी तिथवर न्यायला येते.

तुमचीच,
माळावरची पोर